शिपाई चौकात बूट काढायचे नसतात

परत येऊन आठ दिवस झाले तरी आळीतल्या बायका मला एकच विचारतात, "उमरग्याला जाऊन बघितलंत तरी काय?" तुळजापूरला गेले असते तर प्रसाद मागितला असता आणि प्रश्न मिटला असता. नळदुर्गचा किल्ला बघितला म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण मी नाताळच्या सुट्टीत सांगलीहून उठून गेले ती उमरग्याला, आणि तीन दिवसांत बघून आले एक चौक आणि त्या चौकातला एक दगड. तो दगडही पहिल्या दिवशी चुकीचाच बघितला. म्हणून हे लिहायला बसले आहे.

जायला निमित्त धाकट्या भावाचं, अनंताचं. त्या भागात एक सहकारी साखर कारखाना उभा राहतो आहे, तिथं तो शेतांची माती तपासण्याचं काम करतो. कारखाना अजून पायाच्या खड्ड्यांत आहे, पण लोक बोलतात ते धुराडं दिसत असल्यासारखं. "आमचा कारखाना" म्हणताना माणूस जरा ताठ होतो. आम्हा कृष्णाकाठच्यांना उसाचं काय कौतुक, दाराबाहेर पडलं की ऊसच. इथं विहिरीत दोन हात पाणी असलेला शेतकरीही उसाविषयी लेकीच्या लग्नाविषयी बोलावं तसा बोलतो. बहात्तरचा दुष्काळ अजून कोणी विसरलेलं नाही. रस्ता विचारला तरी सांगतात, "दुष्काळात आमी केलेला रस्ता हाय न्हवं, त्यानं जावा." दगड फोडून, माती वाहून केलेल्या त्या रस्त्यांना नंबर वगैरे असतील, पण ते कोणाच्या तोंडी नाहीत.

उमरगा, पहिला दिवस

अनंता संध्याकाळपर्यंत कामावर होता. घरात बसून भिंती बघण्याचा माझा स्वभाव नाही. दुपारी चहा झाल्या झाल्या पिशवी घेतली आणि गावात निघाले.

सोलापूर-हैदराबाद रस्ता उमरग्याच्या पोटातून जातो, त्यामुळं गावाला शहराची घाई आहे. टायरवाले, पंक्चरवाले, डॉक्टरांच्या एकावर एक लावलेल्या पाट्या, आणि ट्रकच ट्रक. एका हॉटेलाच्या बाकावर बसलं की मराठी, उर्दू आणि कानडी एकाच वेळी कानावर पडतात आणि तिन्ही भाषांतली माणसं एकमेकांना समजून घेत असतात. मी तिथं सुसला खाल्ला. आमच्या सांगलीत चुरमुऱ्यांचं भडंग करतात, ते कुरकुरीत राहावं म्हणून जिवाचं रान करतात. इथं तेच चुरमुरे पाण्यात भिजवून, पिळून, फोडणीला टाकतात. बघताना मला ते पटलं नाही, खाताना दुसरी बशी मागवली.

गावाच्या बरोबर मधे, जिथं मोठा रस्ता आणि बाजाराचा रस्ता एकमेकांना छेदतात, तिथं शिपाई चौक आहे. गोल कट्टा, भोवती लोखंडी कठडा, झेंड्याचा खांब, आणि कट्ट्यावर छातीएवढ्या उंचीचा एक दगड. दगडावर इतका शेंदूर, की दगडाचा मूळ रंग कोणता ते सांगता येत नव्हतं. खाली नारळाच्या करवंट्यांचा ढीग. माझ्या डोळ्यांदेखत एका ड्रायव्हरनं भर रस्त्यात ट्रक थांबवला, मागच्यांची बोंबाबोंब न ऐकता उतरला, नारळ फोडला, बोटभर शेंदूर घेऊन ट्रकच्या काचेला लावला आणि हैदराबादच्या दिशेनं गेला.

हे जागृत दैवत दिसतंय, असं मी मनात म्हटलं. चपला कठड्याबाहेर काढल्या. हळदीकुंकवाची पुडी माझ्या पिशवीत नेहमी असते, हळदीच्या पेठेच्या गावात जन्म गेला. दगडाला हळदकुंकू वाहिलं, प्रवास सुखाचा होऊ दे म्हटलं, आणि डोळे उघडले तर शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे. धोतर, अंगात जुना खाकी कोट, आणि पायात काळे बूट, तोंड दिसावं इतके चकचकीत. हात जोडलेले नाहीत, मान वाकलेली नाही. जमिनीत रोवलेली काठी असावी तसे ताठ उभे होते.

माझी तीस वर्षं वर्गात गेली आहेत. तोंड गप्प बसत नाही. मी म्हटलं, "आजोबा, देवापुढं निदान बूट तरी काढावेत."

कठड्यापलीकडं लसणाची पाटी घेऊन बसलेल्या बाईनं लगेच माझी बाजू घेतली. "सांगा त्यास्नी, अक्का. सात वर्सं झाली, दर बाजारला येत्यात, आज बाजार नसून बी आल्यात, आन् बुटासकट हुबं ऱ्हात्यात. ओ हवालदार, ऐकलं का? परगावचं मानूस बी त्येच सांगतंय." एवढं बोलून ती गिऱ्हाइकाकडं वळली.

म्हाताऱ्यांना राग आला नाही. ती बाई ऐकणार नाही इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "बाई, देव न्हाय त्यो. माझा ल्योक हाय."

पुढचं त्यांनी चहावर सांगितलं. त्यांचं नाव हरिबा बनसोडे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. मुलगा किसन, तोही फौजेत, एकाहत्तरच्या लढाईत गेला. तालुक्यातल्या जुन्या फौजी माणसांनी मिळून या चौकात त्याच्या नावाचा दगड उभा केला. पहिलं वर्ष दगड स्वच्छ होता. मग त्या लसूणवाल्या कोंडाबाईचा मुलगा ट्रकवर ड्रायव्हर लागला. हा शिपायाचा दगड आहे, राखण करणाऱ्याचा आहे, एवढंच तिला ठाऊक. मुलाची राखण कर म्हणून तिनं दगडाला शेंदूर लावला. पुढं एका घाटात त्याची गाडी कड्याच्या टोकावर जाऊन थांबली, तो खरचटण्यावर सुटला. त्यानं ते दुसऱ्या ड्रायव्हरांना सांगितलं. झालं. शिपाईबाबा नवसाला पावतो, ही बातमी दोन राज्यांत पसरली आणि किसनचं नाव शेंदराखाली गेलं.

"मग तुम्ही सांगत का नाही कोणाला?" मी विचारलं. "मुलाचं नाव झाकलं जातंय आणि तुम्ही गप्प?"

हवालदारांनी बशीतला चहा संपवला. "उद्या घरी या. सांगतो," म्हणाले.

दुसरा दिवस, सास्तूरच्या अलीकडं

हवालदारांच्या गावी जायला बसनं सास्तूरच्या फाट्यापर्यंत आणि पुढं अनंताच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बैलगाडीतून, असा बेत होता. गाडीतून उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. दुसरी चप्पल शाबूत असून तिचा काही उपयोग नव्हता. दोन्ही हातात घेतल्या आणि ढेकळं तुडवत निघाले. काळ्या मातीची वाळलेली ढेकळं अनवाणी पायाला काय लागतात ते आमच्या गाळाच्या जमिनीवर वाढलेल्या माणसाला सांगून कळणार नाही. वाटेत एका शेतात हुरडा भाजत होते, त्यांनी हाक मारून मूठभर हातावर ठेवला, म्हणून जरा तरी धीर आला.

हवालदार अंगणातच उभे होते. माझ्या हातातल्या चपला बघून त्यांचा चेहरा बदलला. काही न बोलता आत गेले, लोखंडी पेटीचं झाकण वाजलं, आणि कापडी फौजी बुटांची एक जोडी घेऊन बाहेर आले. "किसनचे हायेत. घाला."

मी नको नको म्हटलं. दिवंगत मुलाचे बूट मी कसे घालू?

"बाई, आमच्या घरातून कुनी अनवानी जात न्हाय," ते म्हणाले. एवढ्या ठाम आवाजात म्हणाले, की मी मुकाट्यानं बूट चढवले. पुढं चार बोटं जागा उरली. पुढचे दोन दिवस मी नऊवारी पातळ आणि फौजी बूट अशा थाटात वावरले, आणि मला बघून हसलेल्या सगळ्यांना मी क्षमा केली आहे.

घर दोन खोल्यांचं, जाड दगडी भिंतींचं, सारवलेलं. समोर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी गणवेशातला किसन. वय वीस-बावीस, हसू दाबून ठेवलेलं. हवालदारांच्या पत्नी मागंच वारल्या, त्यामुळं स्वयंपाक त्यांचा स्वतःचा. हुलग्याची शेंगोळी, ज्वारीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा. भाकरी अशी पातळ, की मी त्यांना विचारलं, फौजेत हे पण शिकवतात काय. ते पहिल्यांदा हसले.

जेवणानंतर मी बुटांविषयी विचारलं. ते सांगू लागले.

"माझा बाप देशमुखाच्या दारावरनं जायचा तवा पायातल्या वहाणा काडून हातात घ्यायचा. उनात, काट्यात, कवाबी. म्या फौजेत गेलो, तवा पयलं काय मिळालं तर बूट. पयल्या सुट्टीला आलो आन् त्याच दारावरनं बूट वाजवत गेलो. बापाला ताप आला भ्यानं. कुनी काय बोललं न्हाय, फौजेचा बूट हुता न्हवं. मंग किसन झाला. त्याला चालाया येतंय तवाच म्या सांगितलं, पायात घालूनच माझ्याम्होरं यायचं. आता त्याच्याम्होरं म्या अनवानी जाऊ?"

आदल्या दिवशी त्यांना वर्गातल्या पोराला बोलावं तसं बोलले होते, त्याची मला लाज वाटली.

मग त्यांनी एक पत्र पुढं केलं. चष्मा फुटला होता त्यांचा, पण पत्र पाठ होतं, तरी मला वाचायला लावलं. पत्र सुनेचं, कमलचं होतं. किसन गेला तेव्हा कमल गरोदर होती. हवालदारांनी तिला घरात बसू दिलं नाही, शिक्षिकेच्या अभ्यासाला घातलं. आता ती कळंबला प्राथमिक शाळेत शिकवते. मुलगी सुजाता तिसरीत आहे. कमल पहिल्यांदा दगड बघायला आली होती ती सुजाता रांगत होती तेव्हा. दुसऱ्यांदा आली तर नवऱ्याच्या नावावर शेंदूर. कठड्याबाहेरूनच परत फिरली आणि सासऱ्यांना म्हणाली, ज्या दिवशी नाव वाचता येईल त्या दिवशी मुलीला घेऊन येईन. आता मुलगीच मागं लागली होती. पत्रात शेवटी लिहिलं होतं, "मामा, तुम्ही लिहिलंत की येत्या बाजारच्या दिवशी या, नाव दिसेल. सुजातानं दप्तर आजच भरून ठेवलं आहे. तिला वडिलांचं नाव स्वतः वाचायचं आहे."

येता बाजार म्हणजे उद्याच होता.

"तुम्ही असं कसं लिहिलंत?" मी म्हटलं. "दगड तर अजून तसाच आहे."

"लिव्हलं खरं. पोरगी मोठी झाली, आता टाळता येईना." त्यांनी किसनच्या फोटोची काच कोटाच्या बाहीनं पुसली. "काल इचारलं न्हवं, सांगत का न्हाय म्हनून? ऐका मंग. आज तिथं समदी वाकत्यात. पाटलाच्या घरच्या बाया वाकत्यात, डायवर वाकत्यात, पेठंतलं वानी वाकत्यात. माझ्या लेकाम्होरं. कधी इचारात बी आलं नसतं बगा माझ्या बापाच्या. पन त्यांस्नी नाव ठावं न्हाय. शेंदूर काडला, बनसोडे वाचलं, आन् वाकायची थांबली तर? त्या पोरीच्या डोळ्यांदेकत थांबली तर?"

मला माझ्या माहेरची पडवी आठवली. तिथं कोनाड्यात एक कानतुटका कप कायम उपडा घातलेला असायचा, आणि तो कोणासाठी आहे हे मी लहानपणी एकदाही विचारलं नव्हतं. विचारावं लागलंच नाही, सगळ्यांना माहीत होतं. ते मी हवालदारांना सांगितलं. सांगायला धीर लागला. त्यांनी नुसती मान हलवली, म्हणाले, "ठावं हाय, बाई."

मग मला एक गोष्ट सुचली. आमच्याकडं नदीकाठच्या मारुतीला वर्षानुवर्षं शेंदूर चढतो, त्याचं जाड कवच होतं. ते कवच मग एक दिवस उतरवतात आणि पाण्यात सोडतात. मूर्ती मोकळी होते, कोणी त्याला पाप म्हणत नाही. म्हणतात, देवानं कवच सोडलं. उलट तो दिवस चांगला मानतात. मी म्हटलं, "शेंदूर खरवडला तर भांडण होईल. कवच उतरवलं तर होणार नाही."

"पन उतरवायचं कुनी? आमी हात लावला तर उद्या तालुक्यात बोभाटा."

"ज्या हातानं चढवलं त्या हातानं," मी म्हटलं.

तिसरा दिवस, पुन्हा उमरगा

रात्री मी हवालदारांच्याच घरी राहिले. सकाळची बस आलीच नाही. कळंबची गाडी साडेदहाला उमरग्यात पोचते, आणि आम्ही नऊ वाजेपर्यंत फाट्यावर ताटकळत. शेवटी दूध संघाची गाडी आली. ड्रायव्हर हवालदारांच्या ओळखीचा. आम्ही दुधाच्या कॅनांमधे बसून निघालो. प्रत्येक खड्ड्याला झाकणं वाजत होती. हवालदार कोटावर शिंतोडा पडू नये म्हणून सगळा रस्ता अर्धवट उभे. बूट त्यांनी पहाटेच घासले होते. माझ्या पायातले किसनचे बूटही घासून ठेवले होते, मला न विचारता.

बाजार भरला होता. कोंडाबाई कठड्याशी लसणाचे वाटे लावत होती. मी तिच्याजवळ बसले, लसूण घेतला, आणि कवचाची गोष्ट काढली. ती ऐकत होती, पण हात थांबला.

"कोप झाला तर, अक्का? माझा ल्योक आज बी गाडीवर हाय. नागपूरकडं गेलाय."

तिच्या डोळ्यांत खरी भीती होती. मला तेव्हा कळलं की पणाला लागलेलं काही फक्त हवालदारांचं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, इतकं ओझं अंगावर घेऊन शिपायाला उभं तरी राहता येईल का? मोकळा झाला तर राखण जास्त चांगली करील. कोप झालाच तर माझ्यावर येईल, पहिला हात मी लावते."

ती उठली, पदर खोचला. "तुमी बाजूला व्हा. म्या घातलंय, म्याच काडीन."

शेजारच्या हॉटेलातून गरम तेल आणलं. कोंडाबाईनं चपला कठड्याबाहेर काढल्या, हात जोडले, ओठांतल्या ओठांत मुलाचं नाव घेतलं आणि कडेला बोटं घातली. दोन ठिकाणी तेल मुरलं आणि शेंदराची जाड खपली निघाली. ती तिनं लसणाच्या रिकाम्या पाटीत ठेवली. बघ्यांचं कडं जमलं. "कवच उतरवत्यात," असं एकानं दुसऱ्याला सांगितलं, कोणी हरकत घेतली नाही, एका बाईनं तर पाटी धरायला हात पुढं केला. हवालदार कठड्याच्या आत, नेहमीच्या जागी, नेहमीसारखे उभे होते.

काळा दगड उघडा पडला. सपाट भागावरचा शेंदूर सगळा गेला, पण खोदलेल्या अक्षरांत तो तसाच बसून राहिला. त्यामुळं नाव काळ्यावर लाल असं उठून आलं. मला वाटतं, दगड नवा होता तेव्हाही ते इतकं स्वच्छ दिसलं नसेल. वाचता येणारे दोघेचौघे गर्दीत होते. त्यांनी ते मनातल्या मनात वाचलं.

तेवढ्यात कळंबची गाडी आली. फिकट निळ्या पातळातली एक बाई, हाताला धरलेली मुलगी. मुलीच्या दोन वेण्या, शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर, पायात पांढरे मोजे आणि बूट. कमल कठड्यापाशी आली, दगडाकडं बघितलं आणि तिथंच थांबली. मुलीचा हात सोडला. म्हणाली, "जा."

सुजाता आजोबांकडं गेली. "आबा, मोठ्यानं वाचू?"

"मोट्यानं वाच."

तिनं पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि शाळेत वाचतात तशा चढ्या आवाजात वाचलं. "शिपाई किसन हरिबा बनसोडे."

चौक गप्प झाला असं मी म्हणणार नाही, ट्रक थांबत नाहीत. पण आडनाव सगळ्यांनी ऐकलं होतं. एका माणसानं फोडायला आणलेला नारळ पिशवीत परत टाकला आणि गर्दीतून निघून गेला. दोन बायकांनी एकमेकींकडं बघितलं, त्याही गेल्या. हवालदारांनी ते पाहिलं. कमलनंही पाहिलं. मला त्या निघालेल्या बायकांना हात धरून मागं ओढावंसं वाटलं.

कोंडाबाई तेलाचे लाल हात पदराला पुसत होती. ती म्हणाली, "हवालदार, तुमचं बी नाव बनसोडेच न्हवं?"

"व्हय. माझा ल्योक हाय त्यो. आमी बौद्ध हाव."

"आन् सात वर्सं मला सांगितलं न्हाय?"

"सांगितलं असतं, तर लावला असता व्हय शेंदूर?"

कोंडाबाईनं विचार केला. सगळ्यांसमोर उभी राहून, खरंच विचार केला. "न्हाय लावला असता," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? लावलाच नसता." मग दगडाकडं वळली. "आन् मंग त्या घाटात माझ्या लेकाला धरलं कुनी असतं?"

तिची नजर हवालदारांच्या बुटांवर गेली, तिथून माझ्या पायातल्या ढगळ बुटांवर, तिथून सुजाताच्या बुटांवर.

"म्हून काडत न्हवता व्हय बूट?"

"फौजेत बूट घालूनच हुबं ऱ्हात्यात, बाई. ताठ."

कोंडाबाई कठड्याबाहेर गेली. आपल्या चपला शोधल्या, पायात सरकवल्या आणि आत येऊन दगडासमोर उभी राहिली. आयुष्यभर पाटीखाली वाकलेली पाठ, ती जेवढी सरळ होईल तेवढी तिनं सरळ केली. हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. हवालदारांचे हात बघून तिनं ते शरीराला चिकटवले. "पुन्यांदा वाच गं, माय," ती सुजाताला म्हणाली.

सुजातानं पुन्हा वाचलं. मिरच्या विकणारी एक म्हातारी आत आली, तिनंही चपला घातल्या. मग हॉटेलवाला आला, गल्ल्यावरून उठून. मग दोन ड्रायव्हर. काहींनी कठड्याशी काढलेल्या चपला घाईनं शोधल्या आणि एकमेकांच्या घातल्या. मी किसनच्या बुटांत उभी होते. तीस वर्षं मी प्रार्थनेला मुलांना सरळ उभं राहा म्हणून ओरडले आहे, मला स्वतःला सरळ उभं राहता आलं ते त्या दिवशी. ते नाव मला इतकं अभिमानाचं वाटलं, की जसं काही माझ्या घरचं असावं. सुजाताला नऊ वेळा वाचावं लागलं. कमलनं डोळे पुसले नाहीत, ती प्रत्येक वेळी ओठांनी नाव म्हणत होती.

शेंदराची पाटी कोंडाबाईनं उचलली. दुष्काळात तिनंच माती वाहिली होती त्या पाझर तलावात ती तो शेंदूर संध्याकाळी सोडणार होती. जाता जाता ती सुजातापाशी थांबली.

"म्होरल्या बाजारी येशील का? माझा ल्योक येतोय गाडी घिऊन. त्याला बी वाचून दाखव. ठावं असूंदे त्याला, कुनाच्या बापानं त्याला संभाळलं त्ये."

सुजातानं आईकडं बघितलं, मग मान हलवली. हवालदार बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. नाडी सुटलेली नव्हती, मी बघत होते, तरी ती बांधायला त्यांना बराच वेळ लागला.